दगडावर ठेवलेला हूक

भासरे, तुमच्याशी मी कधी एक वाक्यही थेट बोलले नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर पदर घ्यायचा, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या हातात काही द्यायचं नाही आणि त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. तुम्हीही ते पाळलंत. अंगणात पाय टाकण्याआधी खाकरायचात, म्हणजे मला आत सरकायला वेळ मिळे. पुढे सासूबाई गेल्या, अंगणात सिमेंट झालं, गावातल्या मुली गाड्या चालवत गोंदियाला कॉलेजला जाऊ लागल्या, पण आपल्या दोघांतली रीत तशीच राहिली. ती मोडावी असं कोणी ठरवलं नाही, एवढंच. आता तुम्ही गेलात, तेराव्या दिवसाची तेरवीही होऊन गेली. पदर घ्यायचं कारण उरलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही कोण होता, काय होता, ते पत्रिकेत छापून झालं आहे. कसे गेलात तेही सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचं आहे ते हुकाबद्दल. आपल्यात जे काही बोलणं झालं ते या एकाच विषयावर, आणि तो अर्धवट राहिला.

सुरुवात मैनेपासून झाली. मैना तुमची म्हैस. तिच्या दाव्याला बाजारातला चकचकीत हूक होता, स्प्रिंगच्या जिभेचा. जीभ दाबली की उघडतो, सोडली की बंद होतो. सोय चांगली होती, गाठ मारायला-सोडायला नको. एका दुपारी मैनेनं खुंटीला मान घासली, जीभ खुंटीवर दाबली गेली आणि गळ्यातली कडी हुकातून निसटली. खळ्यात धानाचा ढीग होता. तिनं पोटभर धान खाल्लं, पोट फुगलं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. तुम्ही तो हूक खिशात घालून दवनीवाड्याच्या रस्त्यावरच्या तुमच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलात. संध्याकाळी परत आल्यावर सासूबाईंना एवढंच म्हणालात, "आई, म्हैस नाही सुटली. हूक सुटला."

त्यानंतर तुम्ही स्वतःचे हूक करायला लागलात. पहिला लोखंडी सळी तापवून, वाकवून केलेला. बाजारातला ओतीव असतो, तो झटक्यानं मोडतो. तुमचा मोडला नाही, पण धानाच्या रोवणीच्या चिखलात त्याची स्प्रिंग बसली, कारण ती नळीत बंद होती. मग तुम्ही स्प्रिंग उघडी केलीत, खाली भोक पाडलंत, म्हणजे चिखल पाण्याबरोबर वाहून जाईल. मग जिभेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी गाल लावलेत, म्हणजे म्हैस घासली तरी खुंटी गालांना लागेल, जिभेला नाही. मैनेला मारणारी चूक तिथं संपली. तरी तुमचं समाधान झालं नाही.

दर वेळी नवा हूक अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ठेवलेला असायचा. तो दगड तुमच्या आणि आमच्या दाराच्या बरोबर मध्ये आहे. हातात द्यायचं नाही, म्हणून दह्याची वाटी, गोठ्याची किल्ली, लाइटबिल, सगळं त्याच दगडावरून इकडून तिकडे जाई. तुमच्याकडे नंतर म्हैस राहिली नाही, माझ्याकडे होत्या, आणि दिवसभर त्यांच्याशी मीच असायचे. म्हणून तपासणी माझ्याकडे आली. मी हूक वापरून पाहायची आणि दोष सांगायची. कसं सांगायची, ते आठवलं की अजून हसू येतं.

"आई, लहानीले विचार, जीभ अटकून राहिली का?"

मी, घरातली लहानी सून, खांबामागे, दोन हातांवर उभी. सासूबाई मात्र मी शेजारच्या गावात असल्यासारख्या ओरडायच्या, "काय वं, जीभ अटकते का?"

"आई, सांगा त्यांना, चिखल वाळला की अटकते. ओली असली की नाही."

"वाळला का अटकते म्हंते."

"ऐकलं मी."

"ऐकलं तर मंग मले कायले मधात बसवता रे तुम्ही?"

सासूबाई गेल्यावर निरोप्याचं काम तुमच्या भावाकडे आलं. माणूस म्हणून त्यांच्यात खोट नाही, पण निरोप त्यांच्या तोंडी दिला की त्याचे चारातले तीन भाग गळून पडतात. मी म्हणायची, खालचं भोक दोन मिलिमीटर मोठं हवं, पाणी साचतं, स्प्रिंगला गंज येतो. ते भिंतीपलीकडे जाऊन सांगायचे, "दादा, ती म्हंते चांगला हाये." मी ते इकडून ऐकायची. मग मी म्हशीशी बोलायला लागले. तुमच्या घरामागच्या शेडला आणि माझ्या गोठ्याला भिंत एकच. तुम्ही शेडमध्ये आहात हे पाहून मी मोठ्यानं म्हणायची, "चांदणे, तुझ्या हुकात पाणी साचून राहिलं वं. भोक लहान पडलं." तिकडची कानस थांबायची. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज यायचा, "चांदणीले म्हणा, उद्या मोठं करून देतो."

चांदणीनं या कामात कधी तक्रार केली नाही.

मग तुम्ही खाचेचा हूक केलात. जिभेच्या टोकाला खाच आणि हुकाच्या चोचीला तसाच दात. दोर सैल असताना जीभ दाबली की उघडे, पण दोराला ताण आला की खाच दातात रुतून बसे. ताणात असताना काही केल्या उघडणार नाही, हाच तुमचा शोध होता. तुम्ही त्यावर खूश होता. गावातल्या चार-सहा गोठ्यांत तो गेला.

बोडीच्या पाळीखाली, तळ्याच्या त्या बांधाशी, जे झालं ते तुम्हाला पूर्ण कधी कळलं नाही, म्हणून सांगते. मी चांदणीला पाळीवर चरायला बांधलं होतं. कडेची माती खचली आणि ती खालच्या चरात घसरली. दोर ताणला, मान वर ओढली गेली, तिची जीभ बाहेर आली. हूक तिच्या गळ्यापाशी होता आणि सगळा भार खाचेवर. तुमचा हूक अगदी तुम्ही म्हणाला होतात तसाच वागला. मी हुकाची जीभ दाबत राहिले. चांदणीनं एकदा अंग उचललं, दोर क्षणभर सैल झाला, हुकाची जीभ आत गेली, आणि तेवढ्यात चांदणी पुन्हा खाली बसली. माझ्या उजव्या हाताचं अनामिकेचं बोट जिभेत आणि चोचीत सापडलं. डाव्या हातानं विळा ओढून घेतला आणि दोर कापला. नायलॉनचा दोर लवकर कापत नाही. चांदणी वाचली. माझ्या बोटाचा मधला सांधा तेव्हापासून वाकत नाही, आणि त्याच्या शेजारच्या करंगळीतही जोर राहिला नाही.

तुमच्या भावानं तुम्हाला सांगितलं, "बोटाले लागलं थोडं. बरं झालं." तुमच्याकडून जाऊबाईंबरोबर निरोप आला, हूक मोडला का म्हणून. मला त्याचा राग आला होता. त्या वेळी तो सांगायची सोय नव्हती. आता सांगून ठेवते.

त्यानंतर आपला वाद सुरू झाला. मी चांदणीला म्हटलं की हूक ताणात असताना एका हातानं सुटला पाहिजे, कारण दुसऱ्या हातानं म्हशीचं शिंग धरलेलं असतं. तुम्ही भिंतीपलीकडून म्हणालात, "ताणात सुटला तर त्याले हूक कायले म्हणाचं? मैना तशीच गेली ना."

मी म्हटलं, "चांदणे, तू बी तशीच गेली असतीस, ते सांग त्यांना."

मग तुम्ही विचारलंत, किती ओढीत सुटायला पाहिजे. मी धान तोलायच्या टांगत्या काट्यावर माझ्या हाताचा जोर आधीच तपासला होता. म्हटलं, आठ किलो. तुम्ही म्हणालात, पंधराच्या खाली नाही.

"आठ किलोत तर कावळाही उघडंल."

"मग त्या कावळ्यालेच धार काढाले बोलवा, चांदणे."

तुम्ही हसलात. भिंतीतून ते स्पष्ट ऐकू आलं. तुमचं हसणं मी तेवढं एकदाच ऐकलं. एरवी तुम्ही घरात हसायला लागलात की मी उठून आत जायची.

पुढे बरेच महिने दगडावर काही आलं नाही. मी समजले की तुम्ही विषय सोडलात. तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी तुम्ही खाकरलात, अंगणातून गेलात आणि दुकानाच्या वाटेला लागलात. मी धार काढत होते. उठून पाहिलं तर दगडावर हूक होता. दूध गाळून मग पाहू म्हटलं. ते गाळून होईपर्यंत दुकानातून माणूस धावत आला होता.

नंतरच्या गर्दीत तो हूक कोणी उचलला, मला कळलं नाही. तेरवीला तो तुमच्या फोटोखाली, हारासमोर दिसला. तुमचा मुलगा नागपूरहून आलेला. म्हणत होता, बाबांच्या हातची शेवटची वस्तू आहे, पॉलिश करून काचेत लावू. लोक माना डोलावत होते. मी लांबून पाहिलं तर त्या हुकाला खाच नव्हती, गाल होते आणि दांड्यावर एक सरकतं कडं होतं. कड्याखाली स्प्रिंग. मला एवढं कळलं की तो काचेत जायची वस्तू नाही, अजून तपासायचा हूक आहे.

माणसं पांगल्यावर जाऊबाईंना म्हटलं, "बाई, तो हूक मला चार दिवस द्या."

त्यांनी तो पदरानं पुसून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तुझाच हाये. मले इचारत होते, लहानीची बांगडी किती नंबरची. मी म्हटलं, कायले? तर म्हंतेत, म्हशीले घालाची हाये."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"दोन-सहा. मंग मी बी इचारलं, म्हशीले दोन-सहा पुरंल का? तर उठूनच गेले."

जाऊबाई हसल्या आणि लगेच रडल्या. मी कड्यात चार बोटं घालून पाहिली. कडं बोटांत बरोबर बसत होतं, ना सैल ना घट्ट. बांगडीच्या मापावरून तुम्ही पंजाचा अंदाज काढला होता. एका अंगणात इतकी वर्षं राहून माझा हात तुम्ही कधी नीट पाहिला नव्हता, तो पदराखालीच असायचा. तरी माप चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या आढ्याला धानाचे चाळीस-चाळीस किलोचे दोन कट्टे टांगले, वर दोराला तुमचा हूक. कडं खाली ओढलं की हुकाची वरची बाजू बिजागरीवर बाहेर फिरते आणि कडी निसटते, कितीही भार असला तरी. म्हणजे माझं म्हणणं तुम्ही मान्य केलं होतं. कड्याला टांगता काटा अडकवून ओढून पाहिलं. भार नसताना चौदा किलोला सुटतो. भार असताना बावीस.

तुमच्या भावानं एका हातानं ओढलं आणि कट्टे धपकन खाली आले. "पाय, सुटला का नाही?"

मग मी ओढलं. कडं हललं, सुटलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा सुटलं.

त्यांनी खाली पडलेला कट्टा बाजूला सारला. मग म्हणाले, "दादानं माह्या हातानंच पायलं होतं. इचारे, लहानीले उघडंल ना? मी म्हटलं, उघडंल."

"माझं बोट?"

"ते सांगाचं राहून गेलं."

त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. कोणाच्या बायकोचं बोट किती वाकतं, हे भावाभावांत बोलायची गोष्ट नसते. पण त्यामुळे झालं असं की हूक माझ्यासाठी केला गेला, माप माझं घेतलं गेलं, आणि जोर तुमच्या भावाचा धरला गेला. हे तुम्हाला मी दगडावर ठेवून सांगू शकले नसते, आणि चांदणीकरवीही नाही. बोटाचं नाव घेऊन तुमच्यापर्यंत पोचेल असं बोलायला मला लाज वाटली असती. आज वाटत नाही.

स्प्रिंग मी ओळखली. घरामागे पडलेल्या तुमच्या जुन्या मोटारसायकलची, मागच्या ब्रेकच्या दांडीवरची. ती माझ्या हातासाठी फार कडक आहे. वेढे कापून उपयोग नाही, स्प्रिंग आखूड होते, नरम होत नाही, हे तुम्हीच एकदा भिंतीपलीकडून सांगितलं होतं. म्हणून गोंदियाच्या बाजारात गेले. हार्डवेअरवाल्यानं तीन-चार डबे समोर ओतले.

"किस चीज़ में लगाना है, भाभीजी?"

"भैंस में."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. "भैंस में तो कड़क ही लगेगा."

"भैंस को कड़क, मेरे को नरम."

न गंजणाऱ्या तारेच्या दोन निवडल्या, आतून दांड्यावर बसतील अशा. एक अगदी नरम, एक मधली.

घरी येऊन जाऊबाईंकडून तुमच्या दुकानाची किल्ली घेतली. तुम्ही असताना मी त्या दुकानात पाय ठेवला नव्हता. चष्मा कानशीजवळ तसाच होता. भार असताना ओढ आठ किलोनं वाढत होती, म्हणजे तेवढं घर्षण होतं. कड्याची आतली धार कानशीनं घासून गुळगुळीत केली, थोडं ग्रीस लावलं. घर्षण पाचावर आलं. मग नरम स्प्रिंग बसवली आणि पुन्हा कट्टे टांगले. भारासकट बरोबर आठ किलो. मी मागितले होते तेवढेच. एका हातानं, तीन बोटांनी, सहज सुटला. तुम्ही समोर असता तर मी पदराआडून का होईना, चांदणीला काहीतरी ऐकवलं असतं.

दोन दिवसांनी दुपारी स्वयंपाकघरातून पाहिलं तर चांदणी अंगणात उभी. जाऊबाईंच्या कुंडीतली शेवंती खात होती. दाव्याला हूक उघडा लटकलेला. तिनं मान घासली होती, गालांनी जीभ वाचवली असती, पण आता जीभ नव्हती, कडं होतं, आणि इतक्या नरम स्प्रिंगवर ते सरकलं. खळ्यात या दिवसांत काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. ती शेवंतीपाशी थांबली म्हणून निभावलं.

म्हणजे तुमचं म्हणणं खरं होतं. कावळ्यानं नाही, पण उघडला.

मग मधली स्प्रिंग लावली. भारासकट अकरा किलो. हे तुमच्या पंधराच्या खाली आहे आणि माझ्या आठाच्या वर. आठवडाभर चांदणीच्या गळ्यात ठेवला. तिनं खुंटीला घासलं, गव्हाणीला घासलं, भिंतीला घासलं, सुटला नाही. मग एका संध्याकाळी मुद्दाम चारा लांब टाकला. ती पुढे झेपावली, दोर ताणला, आणि मी एका हातानं शिंग धरून दुसऱ्यानं कडं ओढलं. पहिल्या ओढीला नाही सुटलं. अंगठा कड्याला लावून दुसऱ्यांदा ओढलं, आणि कडी गळून पडली. आपली सुटका झाली हे चांदणीला कळायला थोडा वेळ लागला.

दोनदा ओढावं लागतं, हे मी लपवत नाही. तुम्ही असता तर कड्याला अंगठ्यासाठी वेगळी खोबण केली असती, की पंधराच पाहिजे म्हणून अडून बसला असता, हे मला सांगता येत नाही. हा वाद अकरावर थांबला आहे, मिटलेला नाही. चरात घसरलेल्या म्हशीला मी आता एकटीनं सोडवू शकते, एवढं मात्र झालं आहे. ते तुमच्यामुळे झालं.

तुमच्या मुलाला काचेत लावायला मी खाचेचा हूक दिला. तोही तुमच्याच हातचा आहे, आणि तो परत कोणाच्या गळ्यात जायला नको.

काल संध्याकाळी चांदणीचा हूक सोडून धुतला, फडक्यानं पुसला, ग्रीस लावलं आणि नेहमीच्या सवयीनं अंगणातल्या दगडावर ठेवून आत आले. भात टाकल्यावर लक्षात आलं. उठून परत आणला नाही. सकाळी धार काढायला निघाले तेव्हा तो तिथंच होता, दवानं ओला झालेला. मी थोडा वेळ खांबाशी थांबले. कोणी खाकरलं नाही. मग मीच तो उचलला आणि चांदणीच्या दाव्याला लावला.